वैद्यकशाळेची निवड : कांहीं जुनीं उदाहरणें

वैद्यकप्रवेशाच्या परीक्षेचा निकाल लागला कीं दरवर्षीं आमच्या घरीं पाहुण्यांची वर्दळ सुरू होते. आम्ही इतिहासाचे अध्यापक. वैद्यकाशीं आमचा संबंध काय तो औषधाच्या बाटलीपुरता. तथापि कॉलेजांतील प्रोफेसर म्हटला म्हणजे त्यास सर्व कॉलेजांची माहिती असलीच पाहिजे, अशी आमच्या नगर जिल्ह्यांतील (आतांच्या सरकारी नांवानें अहिल्यानगर जिल्ह्यांतील) लोकांची भोळी समजूत आहे, आणि ती मोडण्याचें धैर्य आम्हांस अद्यापि झालेलें नाहीं. यंदा अकोले तालुक्याच्या डोंगराळ भागांतून एक गृहस्थ आपल्या मुलीस घेऊन आले. घराण्यांत कॉलेजची पायरी चढणारी ही पहिलीच मुलगी. पसंतीक्रम भरण्याची मुदत दोन दिवसांवर आलेली. गृहस्थांच्या हातांतील कागदावर पुणें, छत्रपती संभाजीनगर, धुळें अशीं नांवें एकाखालीं एक मांडलेलीं होतीं. "सर, ह्यांत चांगलें कोणतें तेवढें सांगा," असें म्हणून त्यांनीं तो कागद आमच्यापुढें ठेविला. मुलगी मात्र गप्प होती.

प्रश्न दिसतो सरळ. पण ज्याच्या घरांतून पूर्वीं कोणी त्या वाटेनें गेलेलें नाहीं त्याच्यापुढें 'चांगलें कोणतें' हा प्रश्न सर्वांच्या शेवटीं येतो. आपणांस आंत कोण घेईल, पैसा कोठून येईल, राहावें कोठें, खावें काय, आणि एवढें करून मिळालेल्या पदवीस लोक मानतील कीं नाहीं, हे प्रश्न त्याच्या अगोदरचे होत. हे सर्व प्रश्न महाराष्ट्रांत एका स्त्रीच्या बाबतींत प्रथम उभे राहिले, आणि ज्या गृहस्थानें ते उभे केले तो आमच्याच जिल्ह्यांतला, मूळचा संगमनेरचा.

गोपाळ विनायक जोशी हे पोस्टखात्यांत कारकून होते. १८७४ सालीं त्यांनीं कल्याणच्या जोशांची नऊ वर्षांची मुलगी यमुना हिच्याशीं लग्न केलें, तिचें नांव आनंदी ठेविलें आणि तिला शिकविण्याचा ध्यास घेतला. हा ध्यास कधीं कधीं क्रूरपणाच्या सीमेपर्यंत जाई, हें आतां सर्वांस ठाऊक आहे, व तें झांकण्याचें कारण नाहीं. १८७८ सालीं आनंदीबाईस मुलगा झाला आणि थोड्याच दिवसांत गेला. त्याच वर्षीं सप्टेंबरांत गोपाळरावांनीं कोल्हापुराहून एक पत्र अमेरिकेस धाडलें. आपण पत्नीसह तिकडे येऊं इच्छितों, तिच्या शिक्षणाची व आपल्या नोकरीची कांहीं सोय होईल काय, अशी त्यांत पृच्छा होती.

हें पत्र गेलें कोणास, हें आम्हां नगरकरांनीं लक्षांत ठेवण्याजोगें आहे. तें गेलें रेव्हरंड रॉयल गूल्ड वाइल्डर यांस. हे वाइल्डर १८४६ सालीं अमेरिकन मिशनतर्फे हिंदुस्थानांत आले ते प्रथम अहमदनगरास. येथें कांहीं वर्षें राहून १८५२ सालीं ते कोल्हापुरास गेले, आणि म्हातारपणीं स्वदेशीं परतून प्रिन्स्टन येथून मिशनऱ्यांचें एक नियतकालिक चालवूं लागले. नगरास अमेरिकन मिशनचें ठाणें १८३१ पासूनचें. सिंथिया फॅरार बाईंची मुलींची शाळा येथेंच होती, जी पाहून जोतीराव फुल्यांच्या मनांत स्त्रीशिक्षणाच्या कल्पनेनें मूळ धरलें. तात्पर्य, त्या काळीं आमच्या मुलखांतून अमेरिकेस जाणारी जी एकुलती एक पायवाट होती ती मिशनच्या आवारांतून जात होती. गोपाळरावांस हार्वर्ड कोठें व फिलाडेल्फिया कोठें हें ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. त्यांना मिशनरी ठाऊक होते. नवख्या मनुष्याची निवड अशीच होते. तो शाळा निवडीत नाहीं. ओळखीचा माणूस शोधतो, आणि तो माणूस नेईल ती त्याची शाळा ठरते.

वाइल्डर साहेबांनीं पत्र छापलें आणि त्याखालीं आपलें मतही छापलें. त्याचा मथितार्थ हा कीं ह्या गृहस्थानें अगोदर ख्रिस्ती व्हावें हें बरें. येथें पायवाट संपली. दार होतें, पण उंबरठ्यावर धर्म मागितला जात होता, आणि तें मोल देण्यास गोपाळराव त्या वेळीं तयार नव्हते.

पुढें जें घडलें तें कादंबरींत लिहिलें तर वाचक हंसतील. न्यू जर्सी प्रांतांतील रोझेल गांवच्या थिओडिशिया कार्पेंटर नांवाच्या बाई १८८० सालीं दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असतां तेथें पडलेला त्या नियतकालिकाचा जुना अंक त्यांनीं चाळला. तें पत्र व त्याखालचें उत्तर वाचून त्यांना वाईट वाटलें. ही बाई कोणी विदुषी नव्हती, श्रीमंत नव्हती, कोणत्या संस्थेची चालकही नव्हती. तिनें आनंदीबाईस एक साधें पत्र लिहिलें. आनंदीबाईनें उत्तर धाडलें. तीन वर्षें हा पत्रव्यवहार चालला, आणि ज्या बाईचें तोंड पाहिलें नाहीं तिला आनंदीबाई 'मावशी' म्हणून लिहूं लागली.

आतां १८८३ च्या आरंभीं आनंदीबाईपुढें कोणकोणतीं दारें होतीं तें पाहूं. गोपाळरावांची बदली बंगालकडे झालेली होती व हें जोडपें श्रीरामपुरास (आमच्या जिल्ह्यांतील नव्हे, हुगळीच्या कांठावरील श्रीरामपुरास) राहत होतें.

मुंबईस ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ पासून होतें. परंतु तें पुरुषांकरतां. कलकत्त्याचें मेडिकल कॉलेज त्याहूनही जुनें, १८३५ चें, आणि श्रीरामपुराहून तें हाकेच्या अंतरावर. पण तेंही स्त्रियांस बंद. अबला दास या बंगाली मुलीस त्या कॉलेजानें घेतलें नाहीं म्हणून १८८२ सालीं ती मद्रासेस गेली. मद्रासचें मेडिकल कॉलेज हें एकच काय तें स्त्रियांस खुलें होतें. १८७५ सालीं तेथें चार स्त्रियांस प्रवेश मिळाला होता. इंग्लंडांत पाहावें तर लंडनची स्त्रियांची वैद्यकशाळा १८७४ सालीं निघाली होती. पण लंडनांत ह्या जोडप्याचें कोण होतें? राहतां राहिलें फिलाडेल्फिया. म्हणजे कागदावर पाहिलें तर मद्रास जवळचें, स्वस्त व सोयीचें, आणि अमेरिका सर्वांत दूरची, महागाची व धोक्याची. आमच्यासारख्या कोणा प्रोफेसरास त्या वेळीं विचारलें असतें तर त्यानें डोळे मिटून मद्रासचें नांव सांगितलें असतें.

आनंदीबाईनें तें स्वीकारलें नाहीं, आणि कां नाहीं तें चारचौघांपुढें सांगितलें. फेब्रुवारी १८८३ मध्यें श्रीरामपूर कॉलेजच्या दिवाणखान्यांत तिनें इंग्रजींत भाषण केलें. अठरा वर्षेंही पुरीं न झालेली ती मुलगी. श्रोते युरोपियन व बंगाली. लोक तिला रस्त्यांत थांबवून जे प्रश्न विचारीत तेच तिनें एकेक करून घेतले. येथें शिकण्याची सोय नाहीं काय? एकटी कां जातेस? परत आल्यावर जात वाळींत टाकील त्याचें काय? तिकडे कांहीं बरेंवाईट झालें तर? आजवर कोणी केलें नाहीं तें तूंच कां करतेस? पहिल्या प्रश्नाच्या उत्तरांत तिनें मद्रासच्या शिक्षणाचा विचार केला आहे, आणि तो फार मार्मिक आहे. तेथील शिक्षण अपुरें आहे. शिकविणारे सर्व पुरुष असून ते जुन्या मताचे व कांहींसे मत्सरी आहेत. हिंदु स्त्रीस त्यांच्यापुढें मोकळेपणानें प्रश्न विचारतां येत नाहीं, असें तिचें म्हणणें. एकटी कां, यास उत्तर असें कीं पति गेला तर घरच्या वृद्ध सासूस व लहान दिरांस कोण पोसणार? आणि जातीविषयीं तिनें स्पष्ट सांगितलें कीं आपण हिंदु म्हणून जाणार व हिंदु म्हणूनच परत येऊन राहणार.

आमच्या मतें ह्या भाषणांत एक गोष्ट तिनें बोलून दाखविली नाहीं, पण तीच निर्णायक होती. मद्रासेस गेली असती तरी ती एकटीच जाणार होती. तेथली भाषा तिला येत नव्हती, तेथें तिचें कोणी नव्हतें. फिलाडेल्फिया हजारों कोस दूर खरी. पण त्या बाजूस 'मावशी' होती. नकाशावरील अंतर एक आणि परक्या मनुष्याला भासणारें अंतर दुसरें. ह्या दुसऱ्या मापानें मोजलें तर मद्रास लांब होती आणि अमेरिका जवळ. वडिलांनीं दिलेल्या सोन्याच्या बांगड्या विकून तिनें प्रवासाच्या खर्चास हात घातला, आणि ७ एप्रिल १८८३ रोजीं कलकत्त्याहून ती जहाजांत बसली.

दैवाची थट्टा अशी कीं त्याच वर्षीं दोन बंद दारें उघडलीं. कलकत्त्याच्या कॉलेजानें स्त्रियांस प्रवेश देण्याचें कबूल केलें व कादंबिनी गांगुली तेथें दाखल झाल्या. मुंबईस जॉर्ज किट्रेज नांवाचे अमेरिकन व्यापारी व सोराबजी शापुरजी बंगाली यांनीं फंड जमविला, आणि ग्रँट मेडिकल कॉलेजही स्त्रियांस खुलें झालें. मग आनंदीबाईनें एक वर्षभर थांबावयास हवें होतें काय? पुष्कळ विद्वानांनीं हा प्रश्न हळहळून विचारला आहे. आम्हांस ती हळहळ पटत नाहीं. दार उघडलें म्हणजे सर्वांस उघडलें असें नसतें. कादंबिनीबाई विद्यापीठाची बी. ए. परीक्षा उतरून आलेल्या होत्या, मुंबईस एल. एम. अँड एस. साठीं मॅट्रिक्युलेशन हवें होतें. आनंदीबाईपाशीं विद्यापीठाचा कागदाचा कपटाही नव्हता. नवऱ्याच्या बदल्यांबरोबर अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता अशी तिची शाळा बदलत गेलेली. बहुतेक विद्या घरीं, नवऱ्याच्या धाकाखालीं झालेली. मुंबईच्या नव्या दाराशीं ती गेली असती तर कारकुनानें तिला प्रमाणपत्र मागितलें असतें.

फिलाडेल्फियानें काय मागितलें तें पाहा. अमेरिकेस पोंचल्यावर जून १८८३ मध्यें तिनें तेथील स्त्रियांच्या वैद्यक कॉलेजचे अधिकारी अल्फ्रेड जोन्स यांस अर्ज लिहिला. प्रवेशाच्या सर्व अटी आपल्या हातून पुऱ्या होतील असें नाहीं, हें तिनें त्यांत आरंभींच कबूल केलें आहे. नंतर ती म्हणते कीं मित्रांच्या व जातीच्या विरोधास न जुमानतां ज्या निश्चयानें मला येथवर आणलें तोच माझ्या कामीं येईल. माझ्या देशांतील स्त्रिया पुरुष डॉक्टराच्या हातून उपचार घेण्यापेक्षां मरण पत्करतात, त्यांच्यासाठीं मी आलें आहें. गुणांचा तक्ता नाहीं, शिफारशींचा ढीग नाहीं. आम्हीं आमच्या आयुष्यांत प्रवेशाचे हजारों अर्ज वाचले असतील; आपलें उणें पहिल्या परिच्छेदांत सांगून टाकणारा अर्ज दुसरा पाहिल्याचें आठवत नाहीं. कॉलेजानें तो मान्य केला.

हें कॉलेज असा अर्ज मान्य करील अशा जातीचेंच होतें. १८५० सालीं तें निघालें तें मुळीं स्त्रियांस कोणी वैद्यक शिकवीत नाहीं म्हणून. क्वेकर पंथाच्या लोकांचा त्यास आधार होता. १८६९ सालीं तेथल्या विद्यार्थिनी शहरांतील मोठ्या रुग्णालयांत व्याख्यानास गेल्या असतां पुरुष विद्यार्थ्यांनीं हुर्यो करून त्यांची अवहेलना केली होती. ज्यांनीं स्वतः दाराबाहेरचा पाऊस सोसला त्यांस दुसऱ्याचें भिजणें कळतें. १८६७ सालीं रिबेका कोल ही नीग्रो वंशाची स्त्री तेथें पदवीधर झाली होती. आनंदीबाईच्या वेळीं जपानची केई ओकामी व सिरियाची साबात इस्लांबूली ह्या तेथें शिकत होत्या. १८८९ सालीं ओमाहा ह्या मूळच्या अमेरिकन टोळींतील सूझन ला फ्लेश ही तेथूनच डॉक्टर झाली. आनंदी, केई व साबात ह्या तिघींचें आपापल्या देशच्या वेषांतलें १८८५ सालचें छायाचित्र आपल्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. कॉलेजच्या प्रमुख रेचल बॉडली ह्या रसायनशास्त्रज्ञ होत्या. त्यांच्या राज्यांत आनंदीबाईस लुगडें सोडावें लागलें नाहीं, मांस खावें लागलें नाहीं, आणि धर्मही सोडावा लागला नाहीं. वाइल्डर साहेबांच्या उंबरठ्यावर जें मोल मागितलें गेलें तें येथें कोणी मागितलें नाहीं.

मोल दुसऱ्याच ठिकाणीं द्यावें लागलें. थंडी, अपुरें अन्न व अतिश्रम ह्यांनीं तिची मूळचीच नाजूक प्रकृति खालावली. ११ मार्च १८८६ रोजीं तिला एम. डी. पदवी मिळाली, तिचा प्रबंध आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर होता, आणि समारंभास पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूर दरबारानें आपल्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलांत स्त्रीविभागावर तिची नेमणूक केली. ज्या कोल्हापुराहून आठ वर्षांपूर्वीं तें पत्र गेलें होतें त्याच कोल्हापुरास डॉक्टर होऊन जावयाचें होतें. ती क्षयानें खंगलेली परत आली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास वारली. बावीस वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं. तिची रक्षा गोपाळरावांनीं मावशीकडे पाठविली; न्यूयॉर्क प्रांतांतील पोकीप्सीच्या दफनभूमींत ती कार्पेंटर मंडळींच्या जागेंत ठेविलेली आहे.

निवड चुकली, असें पुणेकरांपैकीं कांहीं म्हणाले असतीलच. पण पुढच्या निवडी पाहिल्या म्हणजे त्या बाईच्या अनुभवाचा उपयोग कसा झाला हें दिसतें. अमेरिकन मराठी मिशनच्या गुरुबाई करमरकर ह्यांनीं फिलाडेल्फियाचाच मार्ग धरला, १८९२ सालीं पदवी घेतली, आणि परत येऊन मुंबईस मिशनच्या कामांत तेवीस वर्षें रोग्यांची सेवा केली. त्यांच्या बाबतींत दोन्ही टोकांस ओळखीचीं माणसें होतीं. त्यांना एकटें जावें लागलें नाहीं, पतीही अमेरिकेंतच शिकत होते.

रखमाबाईंची गोष्ट निराळी. त्यांचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन हे ग्रँट मेडिकल कॉलेजांत शिकवीत असत. घरच्याच कॉलेजाचें दार खुलें झालेलें. तरी १८८९ सालीं त्या गेल्या लंडनास. सखाराम अर्जुन त्यापूर्वींच, १८८५ सालीं, वारले होते. शिवाय लहानपणीं झालेल्या लग्नाचा नवरा नाकारल्याबद्दल चाललेल्या खटल्यानें त्या मुंबईंत घरोघरीं चर्चेचा विषय झाल्या होत्या. ज्या शहरांतील वर्तमानपत्रांनीं आपलें नांव वर्षानुवर्षें चघळलें त्याच शहराच्या वर्गांत जाऊन बसणें सोपें नव्हे, असें आम्हांस वाटतें. मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची ह्यांनीं त्यांस उत्तेजन दिलें. इंग्लंडांत मॅक्लॅरन दांपत्याचा आधार मिळाला. येथें निवडीचा आणखी एक पेंच होता, जो नवख्यास कोणी सांगितल्यावांचून कळत नाहीं. लंडनच्या शाळेंत स्त्रीस शिकतां येई. पण लंडनच्या रॉयल कॉलेजांच्या परीक्षा त्या काळीं स्त्रियांस बंद होत्या, आणि लंडन विद्यापीठाची पदवी घ्यावयाची तर त्याचें मॅट्रिक्युलेशन आडवें येई. म्हणून शिक्षण लंडनांत आणि परवाना एडिंबरो व ग्लासगोचा, अशी तोड त्यांनीं काढली. १८९४ सालीं तो परवाना घेऊन त्या परतल्या आणि पुढें सुरतेस त्यांनीं नांव काढलें.

मुलग्यांच्या बाबतींत निवडीचा प्रश्नच फारसा नव्हता; एक ग्रँट कॉलेज, आणि इंग्रजी आलें तर त्यांत प्रवेश. गवळी समाजांतील विश्राम रामजी घोले त्या मार्गानें मोठे डॉक्टर व सत्यशोधकांचे पुढारी झाले. पण इंग्रजी येणें हीच तर मोठी मेख होती.

आमच्या नगरास स्त्रियांचें रुग्णालय मिशनच्या स्त्रीडॉक्टरांनीं उभें केलें. जूलिया बिसेल व त्यांच्यामागून रूथ ह्यूम हीं नांवें त्या इतिहासांतलीं. ह्या दोघी येथल्याच मिशनऱ्यांच्या मुली. त्यांना दार शोधावें लागलें नाहीं. त्यांच्या रुग्णालयांत काम करणाऱ्या खेड्यांतल्या ख्रिस्ती मुलींस मात्र फिलाडेल्फिया नव्हती. अशा मुलींकरतां उत्तरेंत लुधियान्यास एडिथ ब्राउन बाईंनीं १८९४ सालीं शाळा काढली. पुण्यास बैरामजी जीजीभाई मेडिकल स्कूल १८७८ पासून होतें. ह्या 'स्कूलां'तून पदवी मिळत नसे, पदविका मिळे. मान कमी, पण खर्चही कमी आणि वर्षेंही कमी. १९४६ सालीं भोर समितीनें डॉक्टर एकाच प्रतीचे असावेत असा अभिप्राय दिला. त्याच वर्षीं पुण्याच्या स्कूलाचें कॉलेज झालें, आणि पदविकेच्या शाळा पुढें नाहींशा झाल्या. समितीचा हेतु शुद्ध होता व रोग्याच्या दृष्टीनें तिचें म्हणणें खरेंही होतें. परंतु गरिबाच्या उंचीचें जें बुटकें दार होतें तें त्या दिवशीं भिंतींत चिणलें गेलें, ह्याची दखल त्या काळीं थोड्यांनींच घेतली.

पुढें १९८४ सालीं जिल्ह्यांतच, लोणीस, ग्रामीण वैद्यक महाविद्यालय निघालें. गोपाळरावांच्या संगमनेराहून तें तासाभराच्या वाटेवर आहे. आमच्या पाहुण्यांच्या कागदावर तें नांव नव्हतें. खासगी महाविद्यालयांच्या शुल्काचा आंकडा त्यांनीं एकदां ऐकला होता, तेवढें त्यांस पुरें झालें होतें.

चहा झाल्यावर आम्हीं मुलीसच विचारलें, "तुला स्वतःला काय विचारावयाचें आहे, बाळ?" तिनें वडिलांकडे एकदां पाहिलें आणि म्हणाली, "सर, ह्यांपैकीं कुठल्या कॉलेजांत आमच्या भागांतली एखादी मुलगी आहे का?"

पुण्यास आमची एक जुनी विद्यार्थिनी होती, तिची धाकटी बहीण तेथें तिसऱ्या वर्षांत शिकते हें आम्हांस आठवलें. तिचा पत्ता शोधून काढण्यास थोडा वेळ लागला. तोंवर गृहस्थांनीं कागदावरचीं नांवें पुन्हां एकदां वाचलीं, आणि मुलीनें पेन उघडून ठेविलें.